पोझिशन सेन्सरचं कॅलिब्रेशन: फिरवण्याआधी मोजा

एप्रिल लागला की आमच्या फोनला उसंत नसते. आंबा पल्पचे कारखाने वर्षातले दोन-अडीच महिने दिवसरात्र धावतात आणि बाकीचे दिवस मशीन ताडपत्रीखाली पडून असतात. त्यात अख्खा पावसाळा येतो. कॅनिंगचा आंबा यायच्या आधी मशीन चालू करायला जावं, तर कुडाळकडचा ऑपरेटर हताश होऊन सांगतो, “ह्यां मशीन खंय थांबता ताच कळना नाय.” शेजारी नुकताच डिप्लोमा करून लागलेला मुलगा लॅपटॉप उघडून तयार असतो. “कॅलिब्रेशन आउट झालंय सर, ऑफसेट मारू?”

ऑफसेट म्हणजे सेन्सरच्या आकड्यात ठरावीक आकडा मिळवून शून्य सरकवणं. हा लेख त्या मुलासाठी आहे. मशीनचा सरकणारा भाग नेमका कुठे आहे हे सांगणारा सेन्सर खरं बोलतोय का, हे कसं तपासायचं आणि बोलत नसेल तर कशाला हात लावायचा, एवढाच विषय.

आधी एक शब्द नीट लावून घेऊ. कॅलिब्रेशन म्हणजे तुलना. सेन्सर काय सांगतो आणि भरवशाचं माप काय सांगतं, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिणं. फरक दिसल्यावर पॅरामीटर बदलून तो मिटवणं हे वेगळं काम, त्याला ॲडजस्टमेंट म्हणतात. वर्कशॉपमध्ये दोन्हींना सर्रास कॅलिब्रेशनच म्हणतात आणि म्हणूनच मुलं पहिलं काम न करता थेट दुसऱ्यावर उडी मारतात.

उदाहरणाला एक मशीन

हवेत बोलण्यापेक्षा एक मशीन धरू. पल्प भरणारं पिस्टन फिलर. सिलिंडरचा आतला व्यास 80 मिमी. सर्व्हो मोटर, तिला कपलिंगनं सरळ जोडलेला 10 मिमी पिचचा (एका फेरीत नट 10 मिमी सरकवणारा) बॉल स्क्रू, आणि स्क्रूच्या नटाला पिस्टन. पिस्टन मागे गेला की पल्प ओढतो, पुढे आला की डब्यात ढकलतो.

80 मिमी व्यासाचं क्षेत्रफळ 50.27 चौरस सेंटीमीटर. म्हणजे पिस्टन 1 मिमी सरकला की सुमारे 5 मिली पल्प. पल्पची घनता 1.06 धरली तर 850 ग्रॅमच्या डब्याला साधारण 160 मिमीचा स्ट्रोक लागतो आणि 1 मिमीची चूक म्हणजे डब्यामागे सव्वापाच ग्रॅम. हा आकडा डोक्यात पक्का ठेवा. आपल्याला किती बारीक मोजायचंय हे तोच ठरवतो. 0.02 मिमीच्या चुकीनं डब्यात 0.1 ग्रॅमचा फरक पडतो, त्यासाठी रात्र जागवू नये. हेच काम व्हीएमसी, म्हणजे धातू कापणाऱ्या सीएनसी मशीनच्या टेबलवर असतं तर 0.02 मिमी म्हणजे पार्ट रिजेक्ट.

मोटरच्या मागच्या टोकाला एन्कोडर, म्हणजे फेरी मोजणारा सेन्सर आहे, 17 बिटचा. एका फेरीचे 1,31,072 भाग. मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हमधल्या इलेक्ट्रॉनिक गिअरनं, म्हणजे एका गुणोत्तरानं, ते पीएलसीच्या (मशीनच्या कंट्रोलरच्या) सोयीच्या एककात आणतात. समजा पीएलसीला 1 मायक्रॉनचं एकक हवंय, तर 10 मिमीला 10,000 एककं, आणि गुणोत्तर 1,31,072 भागिले 10,000, म्हणजेच 8192/625. कागदावर हा हिशोब एकदा स्वतः करून बघा. पुढे उपयोगी पडेल.

कोणता सेन्सर आहे ते आधी ओळखा

इन्क्रिमेंटल एन्कोडर फक्त पावलं मोजतो. ए आणि बी अशा दोन लहरी, एकमेकींपासून पाव लहर सरकलेल्या, त्यावरून दिशा कळते. फेरीतून एकदा येणारा झेड पल्स वेगळा. 2500 पल्सच्या एन्कोडरचे चारही कडांमुळे 10,000 काउंट होतात. वीज गेली की हा सगळं विसरतो, म्हणून दर वेळी होमिंग, म्हणजे ठरलेल्या जागी जाऊन शून्य लावणं, करावं लागतं.

ॲब्सोल्युट एन्कोडरला फेरीतली जागा कायम माहीत असते. किती फेऱ्या झाल्या हे बऱ्याच मॉडेलमध्ये 3.6 व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर लक्षात राहतं.

लोट्याच्या रासायनिक कारखान्यांत किंवा हायड्रॉलिक प्रेसवर 4 ते 20 मिलिअँपिअर देणारे सेन्सर भेटतील. त्यांची गोष्ट वेगळी आहे, शेवटाकडे घेतो. मशीन टूलवर काचेची किंवा मॅग्नेटिक लिनिअर स्केल असते. तत्त्व एन्कोडरचंच, फक्त गोल नाही, सरळ.

नेमप्लेटचा फोटो काढा. मॉडेल नंबर पुसला असेल तर ड्राइव्हच्या पॅरामीटरमधून सापडतो.

पहिली पायरी: जसं सापडलं तसं लिहा

काहीही सैल करायच्या किंवा बदलायच्या आधी ड्राइव्हचे आणि पीएलसीचे सगळे पॅरामीटर बॅकअप घ्या. लॅपटॉप नसेल तर कीपॅडवरून एकेक पॅरामीटर पुढे नेत मोबाइलवर फोटो काढा. कंटाळवाणं काम आहे, पण करा. मग मशीन आहे त्या अवस्थेत मोजून आकडे वहीत लिहा. तारीख, वेळ, शेडमधलं तापमान.

हे का करायचं? दोन तासांनी तुम्ही चार गोष्टी बदललेल्या असतील आणि मशीन आधीपेक्षा वाईट चालत असेल. तेव्हा परतीची वाट फक्त त्या वहीत असते. शिवाय, मशीन मूळ अवस्थेत चुकीचं होतं का आणि किती, हे क्वालिटीवाले नंतर विचारतातच. तोवर तुम्ही सगळं फिरवून ठेवलेलं असेल, तर गेल्या आठवड्यातले डबे कमी वजनाचे गेले की नाही हे कुणीच सांगू शकत नाही.

दुसरी पायरी: जीव सांभाळा

सर्व्हो ऑफ म्हणजे मशीन सुरक्षित, असं नसतं. ड्राइव्हच्या आतल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही मिनिटं धोकादायक व्होल्टेज राहतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ थांबा आणि चार्ज दिवा विझल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नका. उभ्या दिशेचा ॲक्सिस, म्हणजे वर-खाली सरकणारा भाग, असेल तर ब्रेकवर विसंबून खाली हात घालायचा नाही, लाकडी ठोकळा द्यायचा. हवेचा दाब सोडा. मेन स्विचला कुलूप लावा आणि किल्ली आपल्या खिशात ठेवा.

मोजताना मात्र मशीन हलवावंच लागतं. तेव्हा जॉगचा (बटण दाबून सरकवण्याचा) वेग अगदी कमी, एक जण डायलजवळ (बारीक हालचाल मोजणाऱ्या काट्याच्या गेजजवळ) आणि एक जण इमर्जन्सी बटणावर. ज्याच्या हातात बटण, त्यानं मोबाइल बघायचा नाही.

तिसरी पायरी: पाना आधी, लॅपटॉप नंतर

एन्कोडर मोटरची फेरी मोजतो, पिस्टनची जागा नाही. मोटर आणि पिस्टन यांच्यामध्ये कपलिंग आहे, बेअरिंग आहे, लॉकनट आहे, स्क्रू आणि नट आहे. यातलं काहीही सैल असेल तरी एन्कोडरचा आकडा सुंदरच येणार. त्याला बिचाऱ्याला मागचं काही दिसत नाही.

कपलिंगवर आणि दोन्ही शाफ्टवर एकाच ओळीत मार्करनं रेघ मारा. मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवा आणि रेघ जुळते का बघा. रेघ सरकलेली दिसली तर तुमचं कॅलिब्रेशन तिथेच संपलं, ॲलन की आणा. ग्रब स्क्रूवालं कपलिंग असेल तर शाफ्टवर ओरखडे दिसतील. क्लॅम्पवालं असेल तर टॉर्क मॅन्युअलप्रमाणे द्या. घट्ट वाटेपर्यंत आवळणं हे माप नव्हे.

मग प्ले, म्हणजे जोडांमधला सैलपणा. मॅग्नेटिक स्टँडवर 0.01 मिमी लीस्ट काउंटचा डायल लावून काटा पिस्टनच्या रॉडवर टेकवा. सर्व्हो ऑन ठेवून, म्हणजे मोटर धरून ठेवलेली असताना, रॉड हातानं पुढे-मागे ढकला. काटा 0.2 मिमी हलला आणि ड्राइव्हचा आकडा जागचा हलला नाही, तर तेवढा प्ले यांत्रिक आहे. आपल्या फिलरमध्ये पिस्टन दर डब्याला दिशा बदलतो, म्हणून 0.2 मिमीचा प्ले म्हणजे स्ट्रोक तेवढाच आखूड आणि डबा सुमारे एक ग्रॅमनं हलका. ड्राइव्हमध्ये बॅकलॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे प्लेची आकड्यानं भरपाई, टाकता येतं, मान्य. पण सैल झालेल्या लॉकनटला कॉम्पेन्सेशन देणं म्हणजे गळक्या कौलाखाली बादली ठेवणं. बादली उद्या भरते.

आणखी एक. वजन कमी आलं म्हणजे पोझिशनच चुकली असं नाही. पिस्टनचं सील झिजलं, पल्पमध्ये हवा शिरली, हॉपरची पातळी खाली गेली, तरी वजन हलतं. डायल म्हणतो स्ट्रोक 160.00 आणि वजनकाटा म्हणतो 838, तर सेन्सरला मोकळं सोडा आणि सील बघा.

चौथी पायरी: केबल, कनेक्टर आणि आपली खारी हवा

कोकणातल्या मशीनवर सेन्सर खराब होण्याआधी कनेक्टर खराब होतो. मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळच्या मासळीच्या कारखान्यांत तर रोजचं धुणं, बर्फ आणि खारी हवा, तिन्ही एकदम. कनेक्टर उघडलात आणि पिनवर हिरवट पूड दिसली की निम्मं निदान झालं. कॉन्टॅक्ट क्लीनरनं साफ करा, पिन आत दबली नाही ना ते बघा, पुन्हा लावताना सीलची रिंग जागेवर बसवा. आयपी 67 हा धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा कनेक्टर पूर्ण आवळलेला असतानाच लागू असतो. अर्धवट फिरवलेल्या कनेक्टरला तो नाही.

केबल कनेक्टरला वरून येत असेल तर खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून टपकेल, कनेक्टरमध्ये शिरणार नाही. घराच्या विजेच्या वायरला वायरमन जसा देतो, तसाच.

5 व्होल्टवर चालणाऱ्या एन्कोडरचं व्होल्टेज ड्राइव्हकडे नाही, एन्कोडरच्या टोकाला मोजा. लांब आणि बारीक केबलमध्ये व्होल्टेज पडतं. केबलची शील्ड (तारांभोवतीची धातूची जाळी) ड्राइव्ह बनवणाऱ्यानं सांगितलेल्या ठिकाणी, पूर्ण गोलाकार क्लॅम्पखाली धरलेली हवी. शील्डची वेणी वळून लांब शेपटीसारखी अर्थ टर्मिनलला जोडलेली मी शंभरदा पाहिलीय आणि तिचा उपयोग फार थोडा होतो. एन्कोडरची केबल आणि मोटरची पॉवर केबल एकाच ट्रेमध्ये बांधलेली असेल तर वेगळी करा.

आता साधी परीक्षा. शाफ्टवर आणि बॉडीवर समोरासमोर रेघ मारा, काउंट लिहून घ्या. मशीन पन्नास वेळा पुढे-मागे पळवा आणि पुन्हा त्याच आकड्यावर आणा. रेघा जुळल्या तर काउंट शाबूत आहेत. आकडा तोच आणि रेघ चुकली, तर पल्स हरवतायत किंवा नको ते पल्स शिरतायत. अशा वेळी स्केल, म्हणजे काउंट आणि मिमीचं गुणोत्तर, बदलून काहीही साधत नाही.

पाचवी पायरी: होम

इथे माझी स्वतःची फजिती सांगतो. एका कारखान्यात इन्क्रिमेंटल एन्कोडरचं फिलर होतं. काही दिवस सगळं सुरळीत, आणि मग एखाद्या सकाळी पिस्टन टोकाच्या झाकणावर धाडकन आदळायचा. मजा अशी की डब्यांचं वजन त्या दिवशीही बरोबर. मी मोजलं, जागा बरोबर 10 मिमी सरकलेली. ऑफसेटमध्ये 10 मिमी टाकले, शाबासकी घेतली, घरी गेलो. चार दिवसांनी पुन्हा फोन, आता दुसऱ्या बाजूला 10 मिमी. मी ऑफसेट काढून टाकला. पुन्हा शाबासकी. तिसऱ्या फोनला मात्र मालकांनी चहा विचारला नाही.

चूक आकड्यातच लिहिलेली होती. बरोबर 10 मिमी म्हणजे स्क्रूची बरोबर एक फेरी. होमिंग असं होतं: गाडी, म्हणजे सरकणारा भाग, होम स्विचकडे जाते, स्विच लागतो, आणि त्यानंतर येणारा पहिला झेड पल्स हा शून्य मानला जातो. माझ्या मशीनवर स्विचची कड आणि झेड पल्स जवळजवळ एकाच जागी येत होते. प्रॉक्सिमिटी स्विच रोज तंतोतंत त्याच जागी लागत नाही, केसभर इकडेतिकडे होतोच. कधी झेडच्या आधी लागायचा, कधी नंतर. नंतर लागला की मशीन पुढच्या झेडपर्यंत, म्हणजे आणखी एक फेरी जायचं. दोन्ही टोकं सारखीच सरकल्यामुळे स्ट्रोक तोच राहायचा आणि वजन हलायचं नाही.

म्हणून होमिंग तपासताना स्विच लागल्यापासून झेड येईपर्यंत किती अंतर जातं ते ड्राइव्हच्या मॉनिटरवर वाचा. ते साधारण अर्ध्या फेरीइतकं हवं, आपल्या मशीनवर 5 मिमीच्या आसपास. शून्याजवळ किंवा 10 जवळ असेल तर स्विचचा डॉग (स्विच लावणारा तुकडा) अर्धा पिच सरकवा. कपलिंग सोडून मोटर अर्धी फेरी फिरवली तरी चालतं. मग दहा वेळा होम करा आणि दर वेळी डायल वाचा. दहाही आकडे 0.01-0.02 मिमीच्या आत आले की पुढे जा.

ॲब्सोल्युट एन्कोडर असेल तर ही कटकट नाही, पण बॅटरी आहे. बॅटरी बदलताना ड्राइव्हचा कंट्रोल सप्लाय चालू ठेवायचा असतो. बंद ठेवून बॅटरी काढलीत तर फेऱ्यांची आठवण पुसली जाते आणि नव्यानं शून्य ठरवावं लागतं. त्यासाठी मशीनवर शून्याची कायमची खूण हवी, छिन्नीनं मारलेली किंवा पिन बसेल असं भोक. मार्करची रेघ पावसाळा काढत नाही.

सहावी पायरी: खरं मोजमाप

आता, आणि आत्ताच, स्केल. भरवशाचं माप म्हणून स्लिप गेज, म्हणजे अचूक जाडीचे ठोकळे, वापरू. व्हीएमसीच्या मोठ्या ॲक्सिसला लेझर इंटरफेरोमीटर लागतो, तो भाड्यानं आणि माणसासकट येतो. आपलं माप ज्याची तपासणी करायची त्यापेक्षा निदान चौपट अचूक हवं, हा व्यवहारातला नियम. स्लिप गेज आणि डायलचं प्रमाणपत्र एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं आणि मुदतीतलं हवं. आम्ही आमचे कोल्हापूरला पाठवतो, पंधरा दिवस गेज नसतात, म्हणून ते जून-जुलैत पाठवायचे.

स्लिप गेजला उघड्या बोटांनी हात लावू नका. आपल्याकडचा मे महिन्यातला घाम म्हणजे मिठाचं पाणीच, दुसऱ्या दिवशी गेजवर बोटाचा ठसा गंजून उमटतो. हातमोजे किंवा शामॉय (मऊ कातडं) घ्या, काम झालं की पुसून व्हॅसलीनचा हात फिरवा. आणि एसी खोलीतून आणलेले गेज शेडमध्ये तासभर मशीनवरच ठेवा, म्हणजे दोघांचं तापमान एक होईल.

तापमानाबद्दल नव्या मुलांना एक तर काहीच वाटत नाही किंवा फार वाटतं. पोलाद मीटरमागे दर अंशाला साधारण 11.5 मायक्रॉन वाढतं आणि मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस आहे. 1 मीटरचा ॲक्सिस 10 अंशांनी तापला तर 0.115 मिमी, व्हीएमसीवर हा अनर्थ. आपल्या 160 मिमीच्या स्ट्रोकला गरम पल्पमुळे स्क्रू 15 अंशांनी तापला तरी वाढ 0.03 मिमीपेक्षा कमी, म्हणजे डब्यात पाव ग्रॅमही नाही. सोडून द्या.

मांडणी अशी. मशीनच्या फ्रेमवर घासून सपाट केलेला एक ठोकळा पक्का बसवा. डायल सरकणाऱ्या भागावर लावा. होमला डायलचा काटा ठोकळ्याला टेकवून शून्य करा. मग गाडीला, समजा, 38 मिमी मागे जायला सांगा, ठोकळ्याला चिकटवून 38 मिमीची स्लिप लावा आणि डायल काय दाखवतो ते वाचा. शून्यापासूनचा फरक म्हणजे त्या जागेवरची चूक. डायल सरकण्याच्या रेषेत सरळ हवा. 10 अंश तिरका लागला तर दीड टक्का जास्त दाखवतो. आणि स्क्रूच्या रेषेच्या जितका जवळ तितका बरा. रेषेपासून 100 मिमी लांब मोजलंत आणि गाडी मिलिरेडियनभर झुकली, तर 0.1 मिमीची चूक फुकट मिळते. अर्न्स्ट ॲबेनं 1890 मध्ये सांगितलेली गोष्ट आहे, आजही रोज कुणीतरी विसरतं.

मोजायच्या जागा कोणत्या? इथे बहुतेक जण 20, 40, 60 असे गोल आकडे घेतात आणि फसतात. स्क्रूचा पिच 10 मिमी. 10 च्या पटीत मोजलंत तर दर वेळी स्क्रू त्याच कोनात असतो आणि फेरीगणिक येणारी चूक कधीच दिसत नाही. 7, 38, 71, 104, 133, 158 असे वेडेवाकडे आकडे घ्या. आयएसओ 230-2 या मानकातही जागा समान अंतरावर घेऊ नका असंच सांगितलंय, आणि 2 मीटरपर्यंतच्या ॲक्सिसला प्रत्येक जागी दोन्ही दिशांनी पाच-पाच वेळा जायला सांगितलंय. फिलरला तीन-तीन वेळा पुरे.

एका दिशेनं मोजताना त्याच दिशेनंच जागेवर यायचं. पुढे निघून गेलात तर थोडं परत येऊन दुरुस्त करू नका. चांगलं 5 मिमी मागे जाऊन पुन्हा या.

सातवी पायरी: आकडे वाचा

आता वहीत सहा जागांच्या चुका आहेत. साध्या चौकटीच्या कागदावर आडवी जागा आणि उभी चूक असा आलेख काढा. लॅपटॉप नको, हातानं काढा, डोळ्यांना सवय होते.

सगळीकडे सारखीच चूक, समजा 0.3 मिमी, तर तो ऑफसेट. शून्य चुकीच्या जागी आहे. ऑफसेट बदलायचा हक्क फक्त इथे, आणि पाचवी पायरी झाल्यावरच.

चूक अंतराबरोबर सरळ वाढत गेली, 38 ला 0.04, 71 ला 0.07, 158 ला 0.16, तर स्केलची चूक, हजारात एक. थांबा, लगेच गुणोत्तर बदलू नका. साधा सी 7 दर्जाचा बॉल स्क्रूसुद्धा 300 मिमीत 0.05 मिमीच्या आसपास चुकतो, 160 मिमीत 0.16 चुकत नाही. मग ही चूक स्क्रूची नाही. कुणीतरी गिअरचे आकडे बदललेत, किंवा तुमची मांडणी तिरकी आहे. 8192/625 जागेवर आहे का बघा. मला एकदा त्या जागी 8200/625 सापडलं होतं. आधीच्या कुणीतरी सैल कपलिंगची भरपाई गिअरमध्ये केली होती. कपलिंग नंतर दुसऱ्यानं आवळलं, भरपाई मात्र तशीच राहिली. दात्यांचा बेल्ट आणि पुली असलेल्या मशीनची गोष्ट निराळी, तिथे बेल्टच्या ताणानं खरं अंतर थोडं बदलतं आणि मोजून गुणोत्तर सुधारणं रास्त असतं.

जाताना एक आणि येताना दुसरी रेघ, दोन्ही जवळजवळ समांतर, तर प्ले. तिसऱ्या पायरीला परत जा.

चूक लाटेसारखी वरखाली होत असेल तर 7 ते 17 मिमीच्या पट्ट्यात एकेक मिमीवर मोजा. 10 मिमीत एक लाट पूर्ण झाली, तर कपलिंग वाकडं बसलंय किंवा स्क्रूचं टोक थोडं फेंगाडं फिरतंय.

आणि आकड्यांना ताळतंत्रच नसेल, त्याच जागी दर वेळी वेगळा आकडा, तर कॅलिब्रेशनचं नाव काढू नका. सैल काहीतरी आहे किंवा पल्स हरवतायत. पुन्हा तिसरी आणि चौथी पायरी. माझ्या अंदाजानं पावसाळ्यानंतरच्या दहा तक्रारींतल्या सहा-सात इथे येऊन संपतात.

बदल करायचाच ठरला तर एका वेळी एकच, आणि त्यानंतर सहाही जागा पुन्हा मोजा. नवे आकडे जुन्याच्या शेजारच्या रकान्यात.

4 ते 20 मिलिअँपिअरवाले

हायड्रॉलिक सिलिंडरच्या जागेचा सेन्सर, 400 मिमीचा समजू. 0 ला 4 मिलिअँपिअर, 400 ला 20, मधला 200 म्हणजे 12. शून्याला 4 का, तर वायर तुटली की 0 येतं आणि तुटलेलं कळतं. सीमेन्सच्या पीएलसीत 4 ते 20 चे आकडे 0 ते 27648 असे दिसतात, इतर कंपन्यांचे वेगळे, मॅन्युअल उघडा.

आधी सेन्सर बाजूला ठेवून लूप कॅलिब्रेटरनं (ठरवलेला करंट देणाऱ्या उपकरणानं) 4, 8, 12, 16, 20 द्या आणि पीएलसीचा आकडा बघा. इथेच फरक असेल तर सेन्सर निर्दोष, पीएलसीचं स्केलिंग चुकलंय. मग सेन्सर जोडून 0, 100, 200, 300, 400 मिमीला चढत आणि उतरत मोजा. झिरो (खालचं टोक) आणि स्पॅन (पूर्ण पट्टा) यांचे स्क्रू एकमेकांवर परिणाम करतात. झिरो लावला, स्पॅन लावला की पुन्हा झिरो बघा, दोन-तीन फेऱ्यांत जुळतं.

आपल्याकडची खास भानगड जंक्शन बॉक्समधली. ग्लँड (केबल आत जाते तिथली आवळणी) सैल, आत दमट हवा, टर्मिनलवर ओलसर मिठाचा थर. दोन वायरवाल्या सेन्सरच्या दोन टर्मिनलमध्ये 240 किलोओहमची गळती झाली तरी 24 व्होल्टवर 0.1 मिलिअँपिअर जास्त वाहतो. 16 च्या स्पॅनमध्ये तो 0.6 टक्के, 400 मिमीवर अडीच मिमी. सकाळी अडीच मिमी, दुपारी ऊन चढलं की शून्य. अशा मशीनला सकाळी सहाला कॅलिब्रेट केलंत तर ते दुपारी चुकणार. बॉक्स उघडा, पुसा, सुकवा, ग्लँड आवळा, केबल खालून आत घ्या.

सीझन संपताना

जूनच्या पहिल्या सरींआधी कारखाने आवरतात, आणि हे काम त्याच आठवड्यात करायचं. सहाही जागा शेवटचं मोजून वहीत लिहा. कनेक्टर उघडून पुसा, घट्ट लावा, वर टेप गुंडाळा. पॅनलमध्ये सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा, आणि पॅनल हीटर असेल तर त्याचा सप्लाय बंद करू नका. वीजबिल वाचवायला मेन स्विचच पाडून ठेवणारे मालक बरेच असतात. त्यांना एका ड्राइव्हची किंमत सांगा, हीटर चालू राहतो. एन्कोडरची बॅटरी बदलली ती तारीख स्टिकरवर लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवा, बाहेरून लावलेली धुताना जाते. वही एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच दाराच्या खणात ठेवा. एप्रिलमध्ये मशीन उघडणारा माणूस तुम्हीच असाल असं नाही.